एका सेकंदाची नोकरी

हसू नका, पण माझी सगळी नोकरी एका सेकंदाची झाली. तरी त्या सेकंदाची आठवण निघाली की माझी उरलीसुरली शिवण अजून शहारते.

मी बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट. खांद्यांवरून, छातीवरून, मांड्यांभोवती बसणारा. पाठीला दोर, दोराच्या टोकाला लोखंडी हुक आणि दोराच्या मुळाशी लाल धाग्यानं शिवलेली पट्टीची घडी. कारखान्यात ती शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "ही शिवण उसवायसाठीच घालायची. माणूस पडला की ती उसवत जाते, म्हणून त्याला झटका बसत नाही." उसवायसाठी शिवायचं! मला काही उमगलं नाही, पण मी तिच्या बोटांकडे बघतच राहिलो.

पुढे एका उंच इमारतीच्या कामावर मी मामांच्या अंगावर चढलो. मामा तिथले सगळ्यात जुने परांचीवाले. इमारतीभोवती पाइपांची परांची बांधायची आणि काम झालं की सोडवायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. नवव्या मजल्यावरच्या अरुंद फळीवर ते असे चालत, जणू अंगणात फेऱ्या मारतायत. मी त्यांच्या पाठीवरून खाली बघायचो आणि माझं बक्कल गार पडायचं. केवढी ही माणसं! दोन हात आणि एक पाना, एवढ्यावर आभाळात घर उभं करतात.

मामांना मात्र माझी अडचण. "हे लोढणं कशाला गळ्यात?" म्हणायचे. सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाई दिसल्या की माझा हुक कशाला तरी अडकवायचे. त्या वळल्या की काढून माझ्याच कडीला लावायचे. म्हणजे मीच मला धरून बसलेला! या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत.

एकदा त्यांनी खालूनच हाक मारली, "मामा, हुक कुठे लावलाय?"

"पाइपाला लावलाय की!"

"आणि सोडवताय कोणता पाइप?"

मामांनी पाहिलं. पाना त्याच पाइपाच्या नटावर होता. खाली हशा पिकला. मामाही हसले, पण कान लाल झाले.

दुसऱ्याच दिवशी शिट्टीबाईंनी इमारतीच्या खांबांना आडवी पोलादी तार ताणून घेतली. "हुक इथेच लागणार," म्हणाल्या. मग मला स्वतःच्या अंगावर चढवलं, हुक खालीच, डोक्यावरच्या एका आडव्या दांडीला लावला आणि सगळ्यांसमोर पाय उचलून धरले. जमिनीपासून वीतभर वर आख्खं माणूस माझ्या भरवशावर! त्यानंतर मामांनाही लटकवलं. त्यांची बायको डोक्यावर घमेलं घेऊन चालली होती. ती याच कामावर होती, सगळ्यांची मामी. मामांना पाळण्यातल्या बाळासारखं झुलताना पाहून आधी ती पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली.

"अहो, हुक लावत जा. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?"

त्या दिवसापासून मामा हुक लावू लागले. कुरकुरत, पण लावू लागले.

पंधरा-वीस दिवसांनी, सकाळीच, मामांच्या पायाखालची फळी कलंडली. ते ओरडलेही नाहीत. तार टणत्कारली, माझा दोर ताठ झाला आणि ती लाल शिवण तडतडत उसवत गेली. मग सगळं थांबलं. नवव्या मजल्याखाली मामा हवेत झुलत होते आणि मी त्यांना धरून होतो. कारखान्यातल्या त्या बाईची बोटं काय करत होती, ते मला तेव्हा कळलं.

माणसांनी मामांना वर ओढून घेतलं. मामी धापा टाकत नऊ मजले चढून आली आणि त्यांच्या तोंडावरून नुसता हात फिरवत राहिली.

एकदा झटका खाल्लेला बेल्ट पुन्हा वापरत नाहीत. मामा म्हणाले, "बाई, हा मला द्या. घरी खुंटीला ठेवतो."

"बाकीचा धडधाकट दिसतो म्हणून उद्या कुणीतरी अंगावर चढवेल. कापायलाच हवा." शिट्टीबाईंनी कात्री त्यांच्याच हातात दिली. मामांनी माझा एकेक पट्टा कापून टाकला.

मामीनं उसवलेली पट्टी उचलली. "एवढीशी पट्टी आणि एवढा माणूस!" बराच वेळ ती लाल धाग्यांवरून बोट फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, असा एक मला मिळेल का? मीपण पाचव्या मजल्याच्या कडेला उभी राहून राडारोडा खाली सोडते. तिथे ना कठडा, ना तार."

शिट्टीबाईंनी पाचव्या मजल्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही असं सगळे म्हणत. सगळ्यांचं लक्ष परांचीवर. घमेलं घेऊन चढणाऱ्या बायका कुणाला दिसल्याच नव्हत्या. मलासुद्धा नाही, मी तर रोज वरून बघत होतो.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पाचव्या मजल्यावरचं काम कठडा लागेपर्यंत बंद राहिलं.

आता माझी ती उसवलेली पट्टी, वर चढणाऱ्या प्रत्येकाला दिसावी म्हणून, जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला टांगलेली आहे. बाकीचा मी कचऱ्यात गेलो, त्याचं दुःख नाही. आज सकाळी मामी नवा, लहान मापाचा बेल्ट घालून आली. मामांनी तिचं बक्कल दोनदा ओढून पाहिलं.

"हुक कुठे लावणार?"

"तुमच्यासारखी सोडवायच्या पाइपाला नाही लावत!"

दोघं हसत वर गेली. तो कोरा बेल्ट माझ्यासमोरून गेला, तेव्हा त्याच्या लाल शिवणीचा एकही टाका हललेला नव्हता. बाबा रे, मी मनात म्हटलं, असाच जुना हो. तुझ्यावर त्या एका सेकंदाची वेळ कधीच न येवो.