चौथ्या दुकानातली आवृत्ती

शिट्टीमास्तरांच्या कानाबद्दल लोक काय वाटेल ते सांगत. दोन गल्ल्यांपलीकडच्या लाँड्रीचा बॉयलर खोकला की हे हातातला घास ताटात टाकून उठत. एकदा तर म्हणे नुसती शिट्टी ऐकून त्यांनी भट्टीवाल्याचा चष्मा आत पडल्याचं सांगितलं होतं. चष्म्याचं खरं मानायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बॉयलरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बॉयलर चालवणाऱ्यांसाठी एक ई-पुस्तक लिहिलं, ते मात्र खरं. चार ऑनलाइन दुकानांत ते मिळे. आणि त्यात एक चूक होती.

चूक एका वाचकानं कळवली. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलरवर असलेला माणूस. बॉयलरमधलं पाणी तळाला गेलं, म्हणून त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचलं तसं आग बंद करून पाण्याच्या वॉल्व्हला हात घातला. फोरमननं त्याचं मनगट धरलं, म्हणून तो पत्र लिहायला उरला.

मास्तरांनी पान काढलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. पहिल्या आवृत्तीत ‘बॉयलर पूर्ण गार झाल्यावरच पाणी सोडा’ असं होतं. दुसऱ्या आवृत्तीत पान मोबाइलच्या पडद्यावर मावावं म्हणून त्यांनी काटछाट केली होती, आणि त्यात गार होण्याचंच कापलं गेलं होतं. तापलेल्या लोखंडावर गार पाणी सोडलं तर काय होतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी एका शेडचं छप्पर त्यांनी शेजारच्या मैदानातून गोळा केलं होतं, आणि नुसतं छप्परच नव्हे.

तीन दुकानांतली आवृत्ती त्यांनी त्याच दिवशी बदलली. एकाला मुखपृष्ठ दोन बोटं जास्त रुंद हवं होतं. दुसऱ्यानं फाइल तीनदा परत केली, सून बघायला आलेल्या सासूसारखी. पण झालं.

चौथ्यावर गाडं अडलं. ते खातं त्यांच्या बायकोचं. ती शिवणमास्तरीण, कोट कसा बेतावा यावर तिचं पुस्तक फक्त तिथंच होतं, आणि नवऱ्याचंही तिनं त्याच खात्यात चढवलं होतं. आत शिरायचं तर तिच्या मोबाइलवर आकडे येणार. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तो नंबरही बंद पडला होता.

दुकानाला कळवलं, तर उत्तर आलं की खातेदारानं स्वतः लिहावं. खातेदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला पाठवावा. खातं त्याच दिवशी बंद होईल आणि त्यातली सगळी पुस्तकं काढली जातील.

संध्याकाळी लेक कामावरून आली. आईच्या पुस्तकाची एक प्रत तिच्याकडे होती. जीव अडकला होता तो दुकानाच्या पानावर पुस्तकाखाली असलेल्या प्रश्नोत्तरांत. नऊ वर्षं वाचक शंका विचारत आणि आई आपल्या ठसक्यात उत्तर देई: ‘बाही चढत नाही म्हणून कापडाला बोल लावू नका. माप कुणी घेतलं होतं?’ अशी शेकड्यांनी उत्तरं. उदास वाटलं की लेक ती उघडून बसे.

“रविवारपर्यंत थांबा, बाबा,” ती म्हणाली. “तिथलं कॉपी होत नाही, मी एकेक वहीत उतरवून घेते.”

“आज बुधवार आहे.”

“चारच दिवस. आई दुसऱ्यांदा जायला नको.”

मास्तर बरं म्हणाले. ती रात्री जेवेपर्यंत एकतीस उत्तरं उतरवून झाली.

गुरुवारी सकाळी ती कामावर गेली. मास्तरांनी सहज म्हणून दुकानाचं पान उघडलं. त्यांच्या पुस्तकाखाली नवा शेरा होता: ‘आजच घेतलं. नवीन नोकरी आहे, फार उपयोगी पडेल.’ मास्तरांनी तो शेरा चारदा वाचला. त्याखाली उत्तर लिहायचं तर तेही बायकोच्याच खात्यातून. मग कपाटातून दाखला काढला, फोटो घेतला आणि पाठवून दिला. लेकीला फोन करायला हात गेला होता; ती काय म्हणेल ते ठाऊक होतं म्हणून परत आला.

दुपारी दोन्ही पुस्तकं गेली. खालची प्रश्नोत्तरंही गेली. दुकानानं सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि तिसरी अशी: आधी विकत घेतलेल्या प्रती ग्राहकांकडे तशाच राहतील, त्यांची नावं देता येत नाहीत.

लेकीनं आल्या आल्या लॅपटॉप उघडला. पान सापडत नाही म्हणून पुन्हा उघडला. मग तिनं वडिलांकडे पाहिलं. मास्तरांनी सकाळचा शेरा सांगितला, आणि तिसरी ओळही.

“म्हणजे तो नवीन नोकरीवाला?”

“त्याच्याकडे जुनंच आहे.”

“मग आईला काढून काय मिळवलंत?”

“उद्या घेणारा वाचला.”

लेकीनं लॅपटॉप मिटला. मग वही ओढून तिनं बत्तिसावा आकडा घातला आणि आठवेल तसं लिहायला घेतलं. एका ओळीवर अडली. आईनं इथं ‘उसवा’ म्हटलं होतं की ‘फेकून द्या’, असं तिनं मान वर न करता विचारलं. मास्तरांनी ते कधी वाचलंच नव्हतं.