काठाच्या पट्ट्या

रविवारी देवळात गावकी बसणार आणि तिच्यात आपलं नाव निघणार, हे मालनला कळलं शुक्रवारी, विहिरीवर. सांगितलं शेजारच्या सोनूबाईने. "नाव निघणार असं कानावर आलं हो. मी काय कोणाला बोलले नाय," असं ती म्हणाली. म्हणजे चार घरं सांगून झालेली होती.

मालनची कळशी भरली, वाहायला लागली, तरी ती ओततच राहिली.

गावकीत नाव निघणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. दंड असेल तर भरता येतो, पाया पडून माफी मागता येते. पण शिमग्यात देवीची पालखी दारात आली नाही, तर त्या घराला गावात घर म्हणत नाहीत. मग भाताच्या लावणीला माणूस मिळत नाही, लग्नाला कोणी येत नाही. खालच्या वाडीत एका घरी तीन वर्षं पालखी गेली नव्हती. त्या घरची म्हातारी गेली तेव्हा खांदा द्यायला चिपळुणातून पाहुणे बोलवावे लागले. मालनने ते दाराच्या फटीतून बघितलं होतं. बघितलं, आणि दार लावून घेतलं होतं.

आता शिमगा सतरा दिवसांवर आलेला. नवरा भिकाजी मुंबईला गोदीत. घरात ती, तिचं शिलाई मशीन आणि दहावीतली पोरगी मैना.

सगळं झालं ते या मैनेच्या फुटबॉलवरून. पोफळीच्या कॉलनीतल्या शाळेत उमाबाई म्हणून एक मास्तरीण आली. हिने पोरींना चेंडू लाथाडायला शिकवलं. आधी गाव हसलं, मग नाकं मुरडून झाली, मग सवय झाली. शाळेत पोरग्यांचाही संघ होता आणि त्यात निम्मे पोरगे आपल्या गावचे, म्हणून मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने त्यांना सदरे दिले, बूट दिले, रबरवाले लांब मोजे दिले. उमाबाई पोरींसाठी विचारायला गेली. मंडळाचा बाबल्या गणपतीला गावी आलेला, तो म्हणाला, "बाई, पोरी उद्या लग्न करून जाणार. मोजे काय सासरी घालणार?" आणि पोरग्यांचे गेल्या वर्षीचे जुने मोजे तेवढे बांधून दिले. उपकार.

रत्नागिरीला सामने ठरले तेव्हा पोरग्यांना एस्टीचं भाडं, केळी, अंडी. पोरींना चिठ्ठी आली, स्वखर्चाने यावे. अंगात काय घालणार, तर ज्याचं त्याने बघावे.

मालनने बघितलं. नवरात्रात देवीच्या ओटीत आलेल्या साड्यांचा दरवर्षी देवळातच लिलाव होतो. त्यातल्या दोन-चार ती नेहमी घेते आणि गावच्या बाळांना झबली, टोपडी शिवते. देवीचं कापड अंगावर असलं की बाळाला दृष्ट लागत नाही. त्याला नियम एकच, ते कापड कमरेच्या खाली जाता कामा नये. झोपाळ्याला चालतं, उशीला चालतं, पायाला कधीही नाही. यंदा तिच्याकडे हिरव्या साड्या होत्या. तिने त्यांचे अकरा सदरे बेतले, रुईफुली काठ कापून वेगळे काढले आणि मशीनखाली गाठोड्यात बांधून ठेवले. सदरा काय, कमरेच्या वरच. तिचं मन साफ होतं.

पोरी रत्नागिरीला गेल्या, जिंकून आल्या. जिंकलेल्या पोरग्यांना माणशी एकावन्न रुपये आणि बॅग. पोरींना माणशी एक स्टीलची वाटी. मैनेने वाटी मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "आये, यात काय खाऊ?"

तिथपर्यंत हसण्यावारी गेलं. मग पेपरात फोटो आला. मैना चेंडू मारतेय, एक पाय हवेत. कोणीतरी तो रावजींच्या दुकानात भिंतीला चिकटवला. रावजी म्हणजे गावकीतले मोठे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. येणाराजाणारा फोटो बघू लागला आणि एका बाईने सदऱ्याचं कापड ओळखलं. तिचीच साडी, तिनेच ओटीत घातलेली. तेवढं पुरलं.

शुक्रवारी विहिरीवरून आल्यावर मालन मीठ आणायच्या निमित्ताने दुकानात गेली आणि तिने फोटो बघितला. सदरा तिला दिसलाच नाही. तिला दिसला हवेतला पाय. गुडघ्याखाली मोज्यावर आवळून एक पट्टी बांधलेली, आणि पट्टीवर एकामागे एक बारीक रुईफुलं.

मीठ न घेताच ती घरी आली.

"पायाला काय बांधलं होतंस गो?"

मैना भाकरी खात होती. "कुठे?"

"फोटोत."

"ते होय. मशीनखाली गाठोडं होतं ना, त्यातल्या पट्ट्या. सगळ्या पोरींना दिल्या मी."

"देवीच्या होत्या त्या."

मैनेचा घास तसाच राहिला. "मला काय ठाऊक? मोजे घोट्यावर येत होते. पहिल्या डावात पाच वेळा वाकून ओढले, लोक हसत होते. पोरग्यांच्या मोज्यांना रबर हाय. आमच्या मोज्यांना त्यांचा वास तेवढा हाय."

दुसऱ्या वेळी मालन हसली असती. ती उठली, पट्ट्या मागून घेतल्या. चिखलाने कडक झालेल्या, घामाचा वास येणाऱ्या. चुलीजवळ नेल्या, पण हात पुढे जाईना. जाळायच्या तर तेही पाप. शेवटी तिने त्या धुतल्या आणि वाळत घालायला भ्याली. कोण बघेल सांगता येत नव्हतं. ओल्याच डब्यात कोंबल्या.

"मी खेळायचं सोडते," मैना हळूच म्हणाली.

"सोडून काय होणार? लागायच्या त्या लागल्या पायाला."

दोन दिवस ती कामं करत होती, पण मशीनवर बसली की सुई कापडावर न पडता बोटावर पडेल असं वाटायचं. मैना पायरीवरून घसरली तरी तिला वाटायचं, झालं, सुरुवात झाली.

रविवारी ती देवळात गेली. बायका गावकीत बसत नाहीत, खांबाशी उभ्या राहतात, तशी ती उभी राहिली. पुरुष माणूस पाठवायला घरात नव्हता. मुंबईहून बाबल्या शिमग्यासाठी लवकर आलेला, तो पुढेच बसला होता.

"सूनबाई," रावजी म्हणाले, "देवीच्या साड्यांचे तू पोरींना खेळायचे कपडे शिवलेस?"

"शिवले तात्या. लिलावात घेतलेल्या साड्या. तुमच्या नातवाचं टोपडं पण त्यातलंच असतं."

"टोपडं वेगळं," बाबल्या मध्ये पडला. "पोरी अर्ध्या चड्डीत गावभर उड्या मारतात."

"चड्डी शाळेची हाय. तू लंगोटात उड्या मारायचास तेव्हा कोणी गावकी नाय बसवली."

मागे दोघंतिघं हसले. मालनची जीभ चालत होती, पण खांब तिने सोडला नव्हता.

रावजींनी हात वर केला. "आपण भांडून काय उपयोग? कौल लावा. दादू, विचार, सदऱ्यांबद्दल देवीचा राग आहे का."

दादू गुरवाने पाण्यात भिजवलेले फुलांचे दोन कळे देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं. उजवा कळा पडला तर राग नाही, डावा पडला तर आहे. थोड्या वेळाने उजव्या खांद्यावरचा कळा सुटला आणि टपकन खाली आला.

"झालं," रावजी म्हणाले. माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठू लागली.

मालन सुटली होती. तोंड मिटून घरी जायचं होतं, बस. पण ती खांबाशीच उभी राहिली. देवीला सदऱ्यांचं विचारलं होतं, पायाचं नाही. पंधरा दिवसांनी हीच देवी पालखीत बसून घरात येणार, मशीनपासून हातभर अंतरावर पाटावर बसणार. तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचं कसं? आणि तोवर मैना रोज खेळायला जाणार, रोज पडणार.

"तात्या, थांबा," ती म्हणाली. "पट्ट्या पायाला पण बांधल्या होत्या. त्याच साड्यांचे काठ. पोरीला ठाऊक नव्हतं."

उठलेली माणसं खाली बसली. बाबल्या सावकाश म्हणाला, "पायाला. देवीचा काठ."

"व्हय, पायाला. का बांधल्या ते पण विचार ना. तू दिलेस ते मोजे बिनारबराचे, वर राहीनात म्हणून. पोरग्यांना नवे, पोरींना त्यांचे फाटके. चांगले मोजे दिले असतेस तर देवीचा काठ पायाला गेला नसता." ती दादूकडे वळली. "दादूभाऊ, आता हे विचार. उजवा पडला तर चूक माझी, घर माझं वाळीत टाका. डावा पडला तर चूक ज्यांनी दिलं नाय त्यांची. गावाची."

दादू साधा माणूस. कोणी गाऱ्हाणं घातलं की कळे लावायचे, एवढंच त्याला ठाऊक. रावजींनी तोंड उघडेपर्यंत त्याने कळे लावूनही टाकले.

"दादू, काढ ते," रावजी घाईने म्हणाले.

"लावलेला कळा हाताने काढत नाहीत तात्या. ज्याने विचारलं त्याने प्रश्न मागे घेतला तरच."

रावजी मनात दिवस मोजू लागले. गावाची चूक निघाली तर गावाने प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पालखी देवळाबाहेर पडायची नव्हती. पंधरा दिवसांत ते व्हायचं कसं? मुंबईहून दोनशे माणसं येणार होती. आणि इकडे मालन. ती तर मनातल्या मनात मेलीच होती. उजवा सुटला तर सगळं गेलं. ती उभी होती तिथून तिला एकटीला दिसत होतं की उजव्या कळ्याची एक कड देवीच्या खांद्यावरून सुटायला लागली आहे.

"सूनबाई, मागे घे," रावजी म्हणाले.

"पालखी?"

"येईल तुझ्या घरी."

"सगळ्यांसमोर बोला."

"सगळ्यांसमोरच बोलतोय. येईल."

कड आणखी सुटली. तरी तिने विचारलं, "आणि मोजे?"

बाबल्या रावजींकडे बघू लागला, रावजी देवीकडे. "अकरा जोड," रावजी म्हणाले. "मंडळ देईल. बाबल्या, मान हलव."

बाबल्याने मान हलवली.

"मागे घेतलं," मालन म्हणाली. "देवी, मागे घेतलं माझं." दादूने तांब्यातलं पाणी ओतलं आणि दोन्ही कळे एकदम वाहून गेले. कुठला आधी सुटणार होता ते कोणालाच कळलं नाही.

घरी येईपर्यंत तिने दोनदा बांधावर टेकून दम घेतला. मैना दारातच उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. मालनने सगळं सांगितलं. पालखीचं ऐकून पोरगी उंबऱ्यावरच बसली. मोज्यांचं ऐकून जरा वेळाने तिने विचारलं, "आणि बूट, आये?"

मालनने चुलीपुढचा पाट ओढला आणि त्यावर बसली.

"बुटांचं तू जाऊन विचार," ती म्हणाली. "माझ्यात आता तेवढा जीव नाय."