ओडेलची बदनामी

डॉब्स क्रीकच्या नाचघरात दर रविवारी, चर्च सुटून जेवणं आटोपली की व्हर्लीन टेट गिटार गळ्यात अडकवून उभी राहायची आणि पहिल्या नवऱ्याचे वाभाडे काढायची. पंधरा-सोळा वर्षं हा नेम चालू होता. पहिला नवरा म्हणजे ओडेल प्रुइट. पंचक्रोशीत बोअर मारून देणारा. तो दाराजवळच्या खांबाला टेकून, हातात बिअरची बाटली धरून स्वतःचे वाभाडे ऐकायला न चुकता हजर असायचा. एकदा पाय प्लास्टरमध्ये होता, तर कुबड्या घेऊन आला.

व्हर्लीनची गाणी जुन्या वळणाची. गिटार, फिडल आणि म्हाताऱ्या लेस्टरची, आडवी ठेवून सळईने वाजवायची स्टील गिटार. तीन कडवी, एक धृपद, आणि त्यात कुणीतरी कुणालातरी सोडून गेलेलं. एवढाच संसार. एकदा शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा एक पोरगेला माणूस तिला भेटायला आला होता. गाणी झकास आहेत, फक्त मागे यंत्रातले ढोल टाकू आणि नवे ट्रक, नदीकाठच्या पार्ट्या वगैरे शब्दांत आणू, असं म्हणाला. व्हर्लीनने शांतपणे विचारलं, "तुला कुणी सोडून गेलंय का रे कधी?"

"नाही, मॅडम."

"मग आधी ते उरकून ये. मग बोलू."

तो परत आला नाही. व्हर्लीन आपल्या गॅरेजमध्ये रेकॉर्डिंग करायची आणि ट्रकच्या मागच्या फळीवर सीडी मांडून विकायची. तिच्या मते गाणं म्हणजे खरं बोलणं, आणि खरं बोलायला ढोल लागत नाही.

तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं मात्र शुद्ध थाप होती.

जमिनीतलं पाणी तुला काठीने कळायचं,
माझ्या डोळ्यांतलं कधी का नाही कळलं?
अमारिलोच्या लाल केसवालीपायी
ओडेल, तू आपलं घर का रे जाळलं?

'ओडेल' आलं की अख्खं नाचघर खांबाकडे वळायचं. बाटल्या उंचावायच्या. ओडेल हॅटच्या कडेला दोन बोटं लावायचा, जणू निवडणूक जिंकून आलेला शेरीफ.

लाल केसांची बाई कधी नव्हतीच. हे फक्त दोघांनाच ठाऊक होतं, व्हर्लीनला आणि ओडेलला. ओडेल जन्मात एकदाच अमारिलोला गेला होता, पाइप आणायला, आणि रस्त्यात खाल्लेल्या सॉसेजने पोट बिघडवून घेऊन परत आला होता. तो दिवेलागणीलाच झोपणारा माणूस. जेवताना बोलायचा नाही, जेवल्यावर बोलायचा नाही. दोघांचं बोलणं व्हर्लीन एकटी बोलायची. शेवटी कंटाळून ती बहिणीकडे निघून गेली, तर या पठ्ठ्याने फोनसुद्धा केला नाही. नंतर म्हणाला, "तू येते म्हणाली होतीस. मला वाटलं, येशील."

आता यावर गाणं कसं करायचं? व्हर्लीनने एका दुपारात लाल केसांची बाई तयार केली. ओडेलला आधी सांगावं म्हणून फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लाल केस? बरं." पुढच्या आठवड्यात त्याने नवी हॅट घेतली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग व्हर्लीनच्या आयुष्यात वॉल्टर क्रंप आला.

वॉल्टर जमिनीच्या मोजणीच्या कामातून निवृत्त झालेला, विधुर, शेजारच्या गावचा. नाचताना तोंडातल्या तोंडात पावलं मोजायचा. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायचा. वसंतात दोघांनी लग्न केलं आणि व्हर्लीनचं गाणं आटलं. सकाळी उठावं तर कॉफी तयार. मक्याचा पाव गरम. रुसायला जागा शोधावी, तर वॉल्टरने आधीच माफी मागितलेली. उन्हाळा संपत आला तरी तिला एक ओळ सुचली नाही.

खरं बोलणं म्हणजे गाणं, तर सुखाचंही खरंच बोलू, असं ठरवून तिने हट्टाने एक गाणं लिहिलं. त्यात वॉल्टरची इस्त्री होती, वॉल्टरचा पाव होता, आणि 'वॉल्टर'शी जुळवायला दुसरं काही न मिळाल्यामुळे शेवटी तीनदा 'वॉल्टर'च होता.

तालमीत लेस्टरने स्टीलवरची सळई उचलून बाजूला ठेवली. "पोरी, हिला फक्त रडता येतं गं. हसवायला गेलो तर उचकी लागते."

"तुम्ही वाजवा हो, लेस्टर. लोकांना आवडेल."

लोकांनी रविवारी भलेपणाने टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या बक्षीस समारंभात वाजवतात तशा. वॉल्टर पहिल्या रांगेत भारावून बसला होता. आणि दाराजवळच्या खांबापाशी ओडेलने अर्धी बाटली खिडकीत ठेवली, हॅट खाली ओढली आणि तो निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. व्हर्लीनने लाल केसवालीचं गाणं म्हटलं. 'ओडेल' आलं. नाचघर वळलं. रिकामा खांब. कुणीतरी उचललेली बाटली हळूच खाली घेतली. व्हर्लीनच्याही लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण गाताना कुठे बघत होतो. आता नजर टेकवायला जागाच नव्हती. शेवटचं कडवं ती विसरली.

वॉल्टरला वाटलं, चूक आपली. आपल्यात दोष नाही हाच आपला दोष. विचार करकरून त्याने एक उपाय काढला. बुधवारी जेवायच्या वेळी त्याचा फोन आला.

"व्हर्लीन, मी आज जेवायला येत नाहीये. कुठे आहे ते विचारू नकोस."

"बरं."

त्याने फोन ठेवला नाही. "विचारायचंच असेल तर विचार."

"कुठे आहेस, वॉल्टर?"

"हार्डवेअरच्या दुकानात. तुझं मन दुखावलं का थोडंसं?"

"नाही रे."

"मग मी येऊ का घरी? भूक लागलीय."

त्याच आठवड्यात एका सकाळी ओडेलचा बोअरचा ट्रक खडखडत अंगणात आला. ओडेल चिखलाने माखलेला, उतरल्या उतरल्या म्हणाला, "ती इस्त्री काय भानगड आहे?"

"गाणं आहे ते."

"गाणं? लाँड्रीची पावती आहे ती. काही घडतच नाही त्यात. दुसऱ्या कडव्यात काहीतरी बिघडायला हवं, हे मी तुला शिकवायचं का?"

"तू जळतोयस, ओडेल."

"मी कशाला जळू?" तो टायरला लाथ मारत म्हणाला. "पण माझं काय? लोक विचारतात, ओडेल, आता तू कुठल्या गाण्यात? परवा पोस्टातली ग्वेंडोलिन म्हणाली, 'मिस्टर प्रुइट, ते गाणं खरंच तुमच्यावर होतं का हो? तुम्ही तर किती साधे दिसता.' साधे! मी! अमारिलोचा ओडेल!"

"अमारिलोला तू एकदा गेलास, आणि येताना दर पाच मैलांवर गाडी थांबवत आलास."

"हळू बोल ना, बाई!"

पण उशीर झाला होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि वॉल्टर कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा होता.

"मिस्टर प्रुइट, साखर किती?" त्याने विचारलं. मग जरा थांबून, "म्हणजे लाल केसांची कुणी नव्हतीच?"

दोघंही जमिनीकडे बघायला लागली. "नव्हती," व्हर्लीन म्हणाली.

"अरेरे," वॉल्टर म्हणाला. "मी मनातल्या मनात तिच्यावर फार रागावलो होतो." त्याने ओडेलच्या हातात कप दिला. "मग मोडलं कशाने, विचारलं तर चालेल?"

ओडेल कपात बघत राहिला. इतका वेळ, की व्हर्लीन सवयीने त्याच्या वतीने बोलायला तोंड उघडणार होती. वॉल्टरने हलकेच मान हलवून तिला थांबवलं.

"मी बोलायचो नाही," ओडेल म्हणाला. "असं नाही, की बोलायचं नसायचं. काय बोलावं ते सुचायला मला वेळ लागायचा. आणि सुचेपर्यंत ही पुढच्या विषयावर गेलेली असायची." त्याने कॉफीचा घोट घेतला. "बहिणीकडे गेली तेव्हा चार दिवस फोनजवळ बसून होतो. पहिलं वाक्यच जुळेना."

व्हर्लीनने या माणसावर तीसेक गाणी लिहिली होती. त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं. तिला एकदम त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही राग गेल्यावर जे उरलं ते घेऊन ती गॅरेजमध्ये गेली आणि तिने आतून दार लावून घेतलं. अंगणात वॉल्टर ओडेलला दुसरा कप देत होता आणि खडकात बोअर मारताना टोक कसं बदलतात ते विचारत होता. ओडेल त्याला उत्तरं देत होता, एका वेळी एक.

दोन दिवसांनी व्हर्लीन ओडेलच्या आवारात गेली. जुन्या पाइपांच्या ढिगाशेजारी, त्याच्या ट्रकच्या पायरीवर बसून तिने गिटार लावली आणि गायली.

ती बोलत राहिली, दिवा विझेपर्यंत,
तो ऐकत राहिला, भिंतीकडे बघत;
एक शब्द आलेला घशापाशी त्याच्या,
दार लागलं तरी तो तिथेच अडखळत.

पुढेही होतं. ओडेलने सगळं ऐकलं. हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"एवढंच?"

"थांब. सुचतंय."

व्हर्लीन थांबली. आवारातली कुत्री येऊन हुंगून गेली. डोंगरावरची सावली शेडपर्यंत आली. तिने एक शब्द काढला नाही आणि हे तिला दाढ उपटून घेण्यापेक्षा जड गेलं.

"हे तू आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगलं आहे," शेवटी ओडेल म्हणाला. "हे गा. गायलाच हवं. पण माझ्या नावाने नको. हे ऐकून लोकांना कळेल, मी कोण आहे ते."

"मग कुणाच्या नावाने गाऊ?"

"वॉल्टरच्या नावावर खपव."

"वॉल्टर? तो तर झोपेतही बोलतो!"

"कुणाला माहीत आहे? नाचताना तर नुसते ओठ हलवतो. त्याचं गाणं त्याला, माझं मला. आणि त्याला सांग, रविवारी शर्ट चुरगळून ये."

वॉल्टरला सांगितल्यावर त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझ्यावर? दुःखी गाणं?" त्याने हात पुसले. "व्हर्लीन, माझ्यासाठी असं कधी कुणी केलं नव्हतं." शनिवारी तो आरशासमोर उदास दिसण्याचा सराव करत होता. जमेना. दात दुखत असल्यासारखा दिसायचा. शर्ट मात्र त्याने खरंच चुरगळला, आणि चुरगळण्याआधी सवयीने इस्त्री करून घेतला.

रविवारी नाचघर भरलेलं होतं. ओडेल खांबापाशी होता, आणि व्हर्लीनला जिवात जीव आल्यासारखं वाटलं. आधी लाल केसवाली झाली. बाटल्या उंचावल्या, हॅटला बोटं लागली. मग तिने फिडलवाल्याला थांबवलं आणि नवं गाणं धरलं, नुसत्या गिटारवर. दुसऱ्या कडव्याला लेस्टरची स्टील आत आली, अगदी हळू, कुणी पाय न वाजवता खोलीत यावं तशी. नाचणारी जोडपी सावकाश झाली. मग काही जण नुसतेच एकमेकांना धरून उभे राहिले. कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही. गाणं संपल्यावर टाळ्या यायला जरा वेळ लागला, आणि आल्या त्या थांबायला त्याहून जास्त.

तेवढ्यात, आताचा नवरा कोण, याचा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि सगळे वॉल्टरकडे बघायला लागले. वॉल्टर कॉफीच्या किटलीपाशी उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने किटलीच धरली आणि पोळला. ते दुःख मात्र अस्सल होतं आणि लोकांना फार भिडलं.

मध्यंतरात एका वयस्क बाईने व्हर्लीनचे दोन्ही हात हातात घेतले. "बाळ, बोलत नाही का गं तो तुझ्याशी?"

"मी तर...", वॉल्टरने सुरुवात केली. व्हर्लीनने त्याच्या बुटावर टाच ठेवली. वॉल्टरने तोंड मिटलं आणि उदास दिसला. या वेळी चांगलं जमलं.

पलीकडे ग्वेंडोलिन खांबाजवळ गेलेली दिसत होती. ती काहीतरी विचारत होती. ओडेल उत्तर शोधत होता. ती उभी राहिली होती, घाई न करता.

"बघतेस काय? पुढचं कुठल्या सुरात?" लेस्टर म्हणाला.

"जी मेजर," व्हर्लीन म्हणाली आणि मंचावर चढली.

संध्याकाळी सामान ट्रकमध्ये चढवून दोघं निघाली. त्या दिवशी फळीवरच्या सीडी संपल्या होत्या, आणि ज्या गाण्यासाठी लोकांनी त्या घेतल्या ते त्यांवर नव्हतंच. वॉल्टर गाडी चालवत होता आणि पोळलेली बोटं वाऱ्यावर धरत होता. गाण्याबद्दल, टाळ्यांबद्दल, लेस्टरच्या वाजवण्याबद्दल, खांब कुठल्या लाकडाचा आहे त्याबद्दल, तो एकसारखा बोलत होता. व्हर्लीन ऐकत होती. नदीवरच्या खानावळीत तळलेल्या माशांचा वास रस्त्यापर्यंत आला होता.

"भूक आहे का?" वॉल्टरने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "थांबव. आणि घरातली लिंबं संपलीत, जाताना घ्यायची आहेत, आठवण कर."