जाऊबाईंचे वाईट फोटो

"अगं, याचा डावा डोळा फोटोत पांढरा येतोय बघ. एकदा डॉक्टरला दाखवून तरी घे," असं जाऊबाई म्हणाल्या तेव्हा धाकट्याच्या दुसऱ्या वाढदिवसाचा केक कापायचा होता आणि त्याच्या आईच्या, म्हणजे आपल्या फोटोवालीच्या, हातात सुरी होती. हातात सुरी होती म्हणून ती गप्प राहिली असेल असं कुणी समजू नये. ती मुळीच गप्प राहिली नाही.

"ताई, तो त्याचा डोळा नाही, तुमचा फ्लॅश आहे. मोबाईलचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. उजेड सरळ डोळ्यात जातो आणि सरळ परत येतो, म्हणून डोळे चमकतात. माणसाचे चमकतात, मांजराचे चमकतात. डॉक्टर काय करणार त्यात? डॉक्टरची गरज तुमच्या फोटोला आहे."

"अगं, पण एकच डोळा..."

"कारण तुमचा हात वाकडा."

सगळे हसले. तिचा नवरा सगळ्यात मोठ्यांदा हसला. जाऊबाईंनी फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन ओढली आणि म्हणाल्या, "असेल बाई. तू शिकलेली, तुला जास्त कळतं." हे वाक्य बायका कोणत्या सुरात म्हणतात आणि त्याचा अर्थ काय असतो, ते सांगायला नको.

जाऊबाईंच्या फोटोंबद्दल फोटोवालीचं मत पक्कं होतं. त्यांच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात अंगठा असे. उभ्या माणसाचं डोकं कापलेलं, बसलेल्याचे पाय मात्र पूर्ण. लाडक्या पुतण्याचा फोटो म्हणून पाठवायच्या आणि त्यात पुतण्यापेक्षा मागचा फ्रीज ठळक. बरं, काढलेल्या ढिगातला एकही न गाळता सगळे कुटुंबाच्या ग्रुपवर ओतायच्या. अशा बाईला फोटो काढणारी म्हणायला ती तयारच नव्हती. तिच्या लेखी त्या फोटो सांडणाऱ्या होत्या.

तिचा स्वतःचा स्टुडिओ औषधाच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत सोफा आणि खेळणी, आतल्या खोलीत पडदे, स्टूल आणि तिचे ते दोन मोठाले दिवे. दिव्यांवर पांढऱ्या कापडाच्या पेट्या चढवलेल्या. एक डावीकडून, एक थोडा वरून. त्यातून उजेड असा झिरपायचा की रडून लाल झालेलं पोरही सायीसारखं दिसावं. ती फक्त लहान मुलांचे फोटो काढायची आणि त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि इतरांनाही ठाऊक असावं अशी तिची माफक अपेक्षा होती.

मुलं तिला आवडत. मुलांची माणसं मात्र तिच्या डोक्यात जात. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण कुणीतरी तिच्या पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर बसूनच रचली असावी. एकीला पोराचे कान आत घेऊन हवे असत. "त्याच्या वडिलांकडचे आहेत हो ते," असं खुलासा केल्यासारखं सांगे. एकीला गालावरचा व्रण पुसून हवा, एकीला रंग जरा उजळ. बाप मंडळी कॅमेऱ्यामागून "हस! अरे हस ना! हसतोस की देऊ एक?" असं ओरडत आणि पोर हसत नाही म्हणून कॅमेऱ्याला दोष देत. नाचता येईना, अंगण वाकडं. ती सगळ्यांना गोड हसून "करते ना" म्हणायची, दार लागलं की त्यांच्या नकला करायची आणि कान आत घ्यायची, व्रण पुसायची, रंग उजळायची. पोरं जशी नाहीत तशी करून द्यायची आणि ती तशी मागणाऱ्यांना नावं ठेवायची. दोन्ही कामं एकाच हाताने चालत.

घरी तिला दोन मुलगे. थोरला सहा वर्षांचा. त्याला घरात 'वकील' म्हणत, कारण दात घासण्यापूर्वीही त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे. धाकटा 'मुंगळा', कारण एकदा पायाला चिकटला की सुटत नसे. या दोघांच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून जागी असायची. द्राक्षाचे चार तुकडे करायची. आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवायची. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवलेला. पोर शिंकलं की पहिल्या शिंकेला ताप बघायची, दुसरीला डॉक्टरला फोन करायची. नवरा म्हणायचा, "तू यांची आई कमी आणि पहारेकरी जास्त आहेस."

एवढी घाबरट बाई! कुणी परक्याने "पोराचा डोळा बघा" म्हटलं असतं तर ती चप्पल न घालता डॉक्टरकडे धावली असती. पण ते जाऊबाईंनी म्हटलं होतं, आणि तेही फोटोवरून. भीतीपेक्षा तोऱ्याची उंची जास्त निघाली.

गंमत अशी, की त्याच वाढदिवसाचा जाऊबाईंचा एक फोटो नवऱ्याला आवडला. वकील आणि मुंगळा दोघेही तोंडभर केक लावून खदखदून हसताहेत. "तुझ्या फोटोंत ही दोघं छान दिसतात, पण यात आपली वाटतात," तो म्हणाला आणि तो भिंतीवर हवा म्हणून हटून बसला. तिने नाक मुरडलं, पण फोटो कॉम्प्युटरवर घेतला. अंगठा कापला, फ्रीज पुसला. मग डोळे. लाल डोळे घालवायचं एक बटण असतं. वकिलाचे दोन्ही डोळे एका झटक्यात काळेभोर झाले. मुंगळ्याचा उजवाही झाला. डावा होईना. बटण लाल रंग शोधतं आणि तिथे लाल नव्हताच, पिवळट पांढरा ठिपका होता.

"बघ, तुझ्या वहिनींच्या फोनपुढे मशीननेही हात टेकले," ती म्हणाली. मग तिने तेच केलं जे ती दर आठवड्याला परक्या पोरांचं करायची. उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. पाच मिनिटांचं काम. बेमालूम. फोटो फ्रेम होऊन स्टुडिओच्या पुढच्या खोलीत लागला. येणारी प्रत्येक आई म्हणायची, "अय्या, काय बोलके डोळे आहेत हो धाकट्याचे!"

मध्ये काही महिने गेले. शाळेला सुट्टी, नवरा कामावर, म्हणून दोन्ही पोरं स्टुडिओत. जुळ्यांची एक आई यायची होती. तिला जुळी 'एकदम नैसर्गिक' हवी होती आणि त्यासाठी तिने दोघांना पंखांसकट परीचे झगे शिवले होते. फोटोवाली आत दिवे लावत मनातल्या मनात त्या झग्यांची शोभा करत होती. बाहेर वकिलाने सोंगांचं खोकं उपसलं. त्यात समुद्री चाच्याचा पोशाख होता. टोपी वकिलाने घेतली, डोळ्यावर बांधायची काळी पट्टी मुंगळ्याला दिली.

आधी डाव्या डोळ्यावर बांधली. मुंगळा सोफ्यावरून उड्या मारत, लाकडी तलवार फिरवत खोलीभर नाचला. मग वकील म्हणाला, "चाचा रोज बाजू बदलतो, नाहीतर पोलीस ओळखतात," आणि पट्टी उजवीकडे सरकवली.

आवाज एकदम थांबला. लहान मुलांच्या घरात आवाज थांबणं म्हणजे काय, हे आईला वेगळं सांगावं लागत नाही. ती बाहेर आली. मुंगळा खोलीच्या मधोमध फतकल मारून बसला होता. तलवार हातातून सुटून पायाशी पडलेली आणि तो ती दुसरीकडेच चाचपत होता.

"ऊठ ना रे!" वकील म्हणाला.

"लाईट लाव," मुंगळा म्हणाला.

खोली उजेडाने भरलेली होती.

तिने पट्टी काढली, परत बांधली. डावीकडे, उजवीकडे. हात हलवला, चावी धरली, खेळण्यातलं बदक वाजवलं. उजवा डोळा झाकला की मुंगळा बदकाच्या आवाजाकडे कान करायचा. तिने वर भिंतीवर बघितलं. तिथून मुंगळा दोन सारख्या, तेजस्वी, बोलक्या डोळ्यांनी तिच्याकडे बघून हसत होता. त्यातला एक तिने स्वतः बसवलेला होता.

जुळ्यांची आई पंख घेऊन दारात उभी राहिली तेव्हा स्टुडिओला कुलूप होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. बराच वेळ तपासलं, आतला फोटो काढला. डोळ्यातल्या पांढऱ्या ठिपक्यामागे कधीकधी जिवावरची गाठ निघते, तशी गाठबिठ नव्हती. डोळ्यात मोतीबिंदू होता. "लहान मुलांनाही होतो," त्या म्हणाल्या. "तो आपण काढू. खरा प्रश्न वेगळा आहे. हा जन्मापासून असेल, तर तो डोळा बघायला कधी शिकलेलाच नसणार आणि ऑपरेशन करूनही फारसा उपयोग होणार नाही. नंतर आला असेल, तर आशा आहे. केव्हापासून आहे?"

"माहीत नाही."

"फोटो असतील ना? लहानपणापासूनचे?"

"मी फोटोग्राफर आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून म्हटलं.

तिने लॅपटॉप आणला. मुंगळ्याचे जन्माच्या दिवसापासूनचे ढीगभर फोटो. टोपलीतला, दुलईतला, पांढऱ्या पडद्यावर रांगणारा. डॉक्टरीणबाई एकामागून एक बघत गेल्या. "सुंदर आहेत," त्या म्हणाल्या, "पण यातून मला काहीच कळत नाही. उजेड बाजूचा आहे, डोळ्यांतल्या सगळ्या बाहुल्या काळ्या. समोरून फ्लॅश मारलेले नाहीत का? साधे, मोबाईलचे, वाईट फोटो? त्यांत निरोगी डोळा लाल चमकतो."

वाईट फोटो! ते जगात एकाच बाईकडे होते. आणि ग्रुपवरचे? ते फोटोवाली आल्या पावली पुसून टाकायची. फोनमध्ये कचरा नको म्हणून.

जाऊबाईंच्या दारात ती उभी राहिली तेव्हा त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बातमी त्यांच्या दिराकडून, म्हणजे फोटोवालीच्या नवऱ्याकडून, आधीच पोचली होती. त्यांनी तिला पाणी दिलं, आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत एक चादर, दोन उशांचे अभ्रे घडी केले.

"ताई, मुंगळ्याचे जुने फोटो..."

"माझे? अंगठ्याचे?"

"हो."

"डोकं कापलेले? फ्रीजचे?"

"ताई, बोला काय बोलायचं ते. पण आधी फोटो द्या."

"नंतर बोलेन तर," जाऊबाई म्हणाल्या. "सोडणार नाहीये मी तुला. बस." आणि त्यांनी फोन काढला. त्या बाईने आयुष्यात एक फोटो पुसलेला नव्हता. सगळे होते. टेबलाखालचे, हललेले, अर्ध्या कानाचे. दोघी पलंगावर डोक्याला डोकं लावून बसल्या. मुंगळ्याचा पहिला वाढदिवस उघडला. मेणबत्तीसमोर मुंगळा, मागे कुणाचं तरी पोट, कोपऱ्यात अंगठा. आणि दोन डोळे.

दोन्ही लाल. भडक, भुतासारखे, कुरूप लाल.

"लाल आहेत," फोटोवाली म्हणाली आणि रडू लागली. एवढा सुंदर फोटो तिने त्याआधी पाहिला नव्हता.

पुढे सरकत गेल्या. चालायला लागला तेव्हाचा, लाल. आजारपणातला, लाल. मग एका फोटोत डावीकडे फिकट नारिंगी. मग दुसरा वाढदिवस आणि तो पांढरा ठिपका. डोळ्याला निदान वर्षभर दिसत होतं. तो बघायला शिकला होता.

"हात वाकडा होता ना माझा?" जाऊबाई म्हणाल्या. मग तिची पाठ थोपटत, अगदी मायेने, "रड. पण चादरीला नाक पुसू नकोस, आत्ताच धुतलीय."

ऑपरेशन झालं. आता मुंगळ्याला जाड चष्मा आहे आणि रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावंच लागतं. वकिलाने त्याला पटवलंय की खरे चाचे हेच करतात. डावा डोळा किती परत येईल ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. परवा त्याने पट्टी बांधलेली असताना जमिनीवरून तलवार एका झटक्यात उचलली. ते बघून ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

फोटोवाली सुधारली असं मात्र नाही. सोफ्यावरच्या माणसांबद्दल तिचं मत तेच आहे, आणि पंखवाल्या जुळ्यांच्या नकला ती अजून करते. जाऊबाईंचे फोटो अजूनही भीषणच असतात. फक्त स्टुडिओतला तो बोलक्या डोळ्यांचा फोटो उतरला. त्या जागी आता त्याच प्रसंगाचा, अंगठा आणि फ्रीजसकट, पांढरा ठिपका न पुसलेला फोटो आहे. बायका विचारतात, "हा असा का हो लावलाय?" मग ती सांगते.

तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या घरात, भावाकडे, शेजारी, कुठेही लहान मूल असेल, तर त्याचे छान फोटो बाजूला ठेवा. ते तिच्यासारख्यांनी काढलेले असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. कुणा जाऊबाईने, कुणा मामाने फ्लॅश मारून काढलेले वाईट फोटो शोधा. दोन्ही डोळे लाल असतील तर खुशाल नावं ठेवा त्या फोटोला. पण एकच डोळा पुन्हा पुन्हा पांढरा दिसत असेल, तर कुणाचा हात वाकडा ते नंतर ठरवा. आधी उठा आणि त्या पोराला बघून या.