बेटावर तिसरं माणूस

सुनेने आणलेला रेनकोट सासूबाईंनी खिडकीच्या उजेडात धरला आणि शिवणीवरून बोट फिरवत आतून-बाहेरून पाहिला. एकही भोक नव्हतं. वस्तू चांगली होती, आणि तेच त्यांना खटकलं. छत्र्या दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं नक्की कळतं, की गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की त्याला काहीतरी फुकटात हवं असतं.

"बसेल ना तुम्हाला, आई?" जमिनीवर बसून त्यांची बॅग भरत सुनेने विचारलं.

"माप कुठून मिळालं?"

"अंदाजाने आणला."

अंदाजाने म्हणे! इतक्या वर्षांत या दोघांनी आपल्याला साधं बागेत नेलं नाही आणि आता एकदम समुद्रातलं बेट? तेही भर पावसाळ्यात, शहाणी माणसं तिकडे फिरकत नाहीत आणि खाली दुकानात मोडक्या छत्र्यांचा ढीग लागतो, नेमकं तेव्हा? पोराने एका शब्दाने आग्रह केला नव्हता. फोनवर फोन आले ते हिचे. चौकातलं मोक्याचं दुकान. म्हातारी तिकडे अडकली की इकडे ते कोणाकरवी दाखवून विकायला कितीसा वेळ लागतो?

"पावसात काय बघायचं असतं बेटावर?" त्यांनी खडा टाकून पाहिला.

"गर्दी नसते."

"आणि बोटी बंद पडल्या म्हणजे?"

"पडतात कधी कधी." सून औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत होती. "दुकानाची किल्ली कोणाकडे ठेवताय?"

आलं पोटातलं ओठावर! सासूबाई ताठ झाल्या.

"हे बघ, मी काही दूधखुळी नाही. दुकानावर डोळा आहे ना तुमचा? सरळ सांग."

सुनेचे हात थांबले.

"लोक छत्र्या न्यायला येतील, म्हणून विचारलं. दुकान काय करू मी?" रबरी चपला बॅगेत कुठे बसतात ते ती बघत राहिली. "बेटाचं यांनी ठरवलं. आम्ही दोघंच जाणार होतो. या दिवसांत हॉटेलात दुसरं कोणी नसतं, बोट बंद पडली तर परतही येता येत नाही. तुम्ही असलात की यांचा आवाज चढत नाही."

"आवाजच ना नुसता?"

सुनेने बॅगेची चेन लावायला घेतली.

सासूबाईंना संताप आला, तो आधी तिचाच. माझ्या पोराबद्दल असलं बोलते, खोटारडी मेली! शब्द जिभेवर आले होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मुलगा ओलं डोकं झटकत आत आला.

"झालं का भरून? आई, तुला समुद्रासमोरची खोली घेतलीय. आमची मागच्या बाजूला आहे."

"समुद्रासमोर तू झोप," सासूबाई म्हणाल्या. "मी हिच्याजवळ झोपेन."

तो हसला. मग हसू ओसरलं. त्याने आईकडे पाहिलंच नाही, बायकोकडे पाहिलं.

"मी काही सांगितलं नाही," सून घाईने म्हणाली. "खरंच, काहीच नाही."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"बेट राहू दे," त्या मुलाला म्हणाल्या. "सीझन आहे, मला दुकानात माणूस हवंय. ही इथेच राहील."