उजळ फोटोतलं खोपट

माझी बायको फुसाए गेली त्याला एकेचाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नासाव्या दिवशी मंत्र म्हणायला देवळातले गुरुजी येणार होते, तिच्या दोघी बहिणी येणार होत्या. त्याआधी मला एक फोटो काढायचा होता.

तो फोटो तिचाच राहून गेलेला होता. बसायच्या खोलीतून, आतल्या बाजूने, पूर्वजांचा देव्हारा, अंगणातलं खोपट, त्याला लागून असलेलं पर्सिमनचं झाड आणि मागे दरीतलं धुकं, हे सगळं तिला एकाच फोटोत हवं होतं. तीन वर्षं ती धडपडली. दरी नीट आली की खोली काळी व्हायची. खोली नीट आली की दरीला कुणी चुना फासल्यासारखं दिसायचं. या वसंतात ती गावच्या केंद्रातल्या फोटोच्या वर्गाला जायला लागली. तिथे तिला उपाय कळला, आणि पानगळ सुरू व्हायच्या आत ती गेली.

मी चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काम केलं. कॅमेरा कधी हातात धरला नव्हता. तिची वही घेऊन मी त्याच वर्गाला गेलो. शिकवणारे नुमाता-सान निवृत्त पोस्टमन आहेत.

"एचडीआर म्हणजे जादू नाही, एइसाकू-सान," ते म्हणाले. "कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. एक काळपट, एक बेताचा, एक खूप उजळ. काळपट फोटोतून दरी घ्यायची, उजळ फोटोतून अंधारातल्या वस्तू. कॉम्प्युटर तिन्ही जोडतो."

"चुकलं तर?"

"तर भूत दिसतं," ते हसले. "म्हणजे मधेच काही हललं, तर ते तीन फोटोंत तीन जागी असतं. जोडलं की पुसट, दुहेरी काहीतरी उमटतं. घाबरायचं नाही. तिन्ही फोटो सुटे करून बघायचे."

फुसाएच्या वहीत हाच धडा लिहिलेल्या पानावर खाली होतं: 'खोपटाचं दार उघडं ठेवणे. नाहीतर नुसता काळा चौकोन.' खोपटात तिची शिडी होती, टोपल्या होत्या, फळं सोलायला बसायची ते बुटकं स्टूल होतं. म्हणून मी दार सरकवून उघडं ठेवलं. धुकं हवं तसं येईना, म्हणून रोज पहाटे फोटो काढून नुसतेच ठेवत होतो; दार रोज उघडायचं, रोज लावायचं कशाला, म्हणून ते तसंच राहू दिलं.

इथे माझी चूक झाली, आणि ती मला कळत होती. आमच्याकडे पानगळीत रोज सकाळी सात वाजता खांबावरचा भोंगा सांगतो, अस्वल कुठे दिसलं ते. त्या आठवड्यात खालच्या वाडीत दोनदा दिसलं होतं. झाडावरची फळं उतरवा, तांदळाचा कोंडा कुलपात ठेवा, असं भोंगा घसा खरवडून सांगत होता. माझं झाड केशरी फळांनी वाकलं होतं. ही फळं कच्ची खाल्ली तर जिभेला तुरटीसारखी आवळतात. फुसाए ती सोलून वाळवायला वळचणीला टांगायची. खोपटात ती लोणचं मुरवायला वापरायची त्या कोंड्याची पेटीही होती. पण फळं उतरवली तर फोटोत काय राहणार? आठ दिवसांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हणत होतो.

किनू-सान मात्र मनात ठेवणारी नाही. ती खालच्या वळणावर राहते, त्र्याऐंशी वर्षांची आहे, आणि मला लहानपणापासून ओळखते. फुसाए गेल्यापासून ती रोज सकाळी सातच्या सुमाराला चढ चढून येते, खोपटासमोरून अंगण ओलांडते आणि फुसाएच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावते. कंबरेला अस्वलासाठी घंटी बांधते. तिला स्वतःला ती घंटी ऐकू येत नाही.

"एइसाकू, झाड उतरव," ती त्या एकेचाळिसाव्या दिवशीच ओरडली होती. बहिरी माणसं बोलतात तशी. "सगळी वाडी शिव्या घालतेय तुला. तोंडावर नाही घालत, बायको गेलीय म्हणून."

"आठ दिवस द्या," मी तिच्या कानात ओरडलो.

"अस्वलाला सांग ते! त्याच्याकडे कॅलेंडर आहे का?"

मग देव्हाऱ्याकडे वळून ती म्हणाली, "फुसाए, तुझा नवरा गाढव आहे गं. तू सांभाळलंस ते ठीक, आता मला सांभाळावं लागतंय."

बेचाळिसाव्या दिवशी धुकं हवं तसं आलं. दरी दुधासारखी भरली होती आणि वरच्या शेतांच्या पायऱ्या तेवढ्या बाहेर होत्या. मी काचेचं दार सरकवलं, तिपाई लावली, श्वास रोखून तीन फोटो काढले. मग तिपाई तिथेच, दार तसंच उघडं ठेवून स्वयंपाकघरात गेलो. चहाचं पाणी ठेवलं. कॅमेऱ्यातलं कार्ड तिथल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं.

फोटो जोडून आला तेव्हा माझा हात थांबला. सगळं होतं. देव्हारा, तिची तसबीर, झाड, दरी. तिला हवं होतं ते सगळं. फक्त खोपटाच्या दारात, आत अंधारात, काहीतरी पुसट होतं. गळ्याखाली असावी तशी एक पांढरी तिरपी रेघ, दोनदा उमटलेली.

फुसाएला आम्ही पांढरा किमोनो घालून निरोप दिला होता. त्याची गळपट्टी अशीच दिसत होती.

एकोणपन्नास दिवस माणूस घराभोवतीच असतं, असं आम्ही मानतो. मला भीती वाटली, आणि हेही सांगतो, मला ते खरं असावं असंही वाटलं. मी पडद्याजवळ तोंड नेऊन हळूच तिचं नाव घेतलं.

मग नुमाता-सानांचं आठवलं. तिन्ही फोटो सुटे केले. काळपट फोटोत खोपट म्हणजे काळा चौकोन. बेताच्या फोटोतही जवळपास तेच, फक्त ती पांढरी रेघ पुसटशी. उजळ फोटो उघडला. दरी पांढरीफटक झाली होती, झाड विरून गेलं होतं. पण खोपटाच्या आतलं सगळं लख्ख होतं. शिडी, टोपल्या. स्टूल आडवं पडलेलं. कोंड्याच्या पेटीचं झाकण फुटलेलं. आणि पेटीमागे रुंद काळे खांदे, गोल कान, आणि छातीवर पांढरी चंद्रकोर.

मी तिथून दहा पावलांवर उभा होतो. दोन फोटोंमध्ये मी खोकलोसुद्धा होतो.

कालचा उजळ फोटो उघडला. पेटीमागे काळं होतं. परवाचा उघडला. होतं. परवा मी त्या फोटोनंतर खोपटात जाऊन टोपली सरळ करून आलो होतो.

पाणी उकळायला लागलं. मी गॅस बंद केला, आणि त्या शांततेत खालून घंटी ऐकू आली.

किनू-सानच्या घरी फोन करून उपयोग नव्हता, ती निघाली होती. माझा फोन बसायच्या खोलीत होता, आणि त्या खोलीचं दार अंगणाकडे सताड उघडं होतं. ओरडलो तर तिला ऐकू जाणार नव्हतं, अस्वलाला जाणार होतं. घंटी ऐकून अस्वल लांब जातं म्हणतात. पण हे कोंडा खात होतं, आणि त्याला बाहेर पडायला एकच दार होतं. ती बरोबर त्या दारासमोर येणार होती.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो. मोजे घातलेले, चपलाही सुचल्या नाहीत. कापलेल्या भातशेताच्या बांधावरून वाकून धावलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी धावणं म्हणजे काय, ते धावणंच म्हणायचं. बांधावरून पाय घसरला, गुडघाभर चिखलात गेलो. घंटी वाजत होती. टिण. टिण. ती चढावर तीन पावलांनी थांबते, तशी घंटीही थांबायची, आणि प्रत्येक वेळी ती थांबली की मला वाटायचं, झालं.

झुडपाच्या कडेने वर आलो तेव्हा ती अंगणाच्या तोंडाशी होती. खोपट तिच्यापासून वीस पावलांवर. मी मागून तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने घंटी मुठीत आवळली.

"अरे मेल्या!" ती किंचाळली. मग माझे पाय बघून म्हणाली, "मोजे घालून चिखलात? वेड लागलं का तुला? फुसाएने एवढे धुतले..."

मी खोपटाकडे बोट दाखवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत काहीतरी लाकडावर घासलं. तिला ते ऐकू आलं नाही, पण माझा चेहरा तिने वाचला. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. आम्ही दोघं मागे मागे, तोंड खोपटाकडे ठेवून, उतार उतरलो. घंटी माझ्या मुठीत होती.

तिच्या घरून फोन केला. शिकारी मंडळातले तिघे बंदुका घेऊन येईपर्यंत अस्वल मागच्या देवदारांत निघून गेलं होतं. त्यांच्यातला वयस्कर माणूस खोपटात वाकून आला. "चार दिवस तरी इथे झोपतंय," तो म्हणाला. "परत येईल. दार कुणी उघडं ठेवलं?"

"मी," मी म्हणालो.

त्याने नुसतं दार ओढून लावलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी, दोन बंदुका पहाऱ्याला असताना, मी झाड उतरवलं. किनू-सान दारात बसून सोलत होती. शेंड्यावर एक फळ झाडाच्या राखणीला ठेवायची आमच्याकडे रीत आहे. फुसाएने ती कधी मोडली नव्हती. "ते राहू दे," किनू-सान खालून ओरडली. मी वर बघितलं. मग शिडी हलवली आणि तेही काढलं. ते फळ तिने स्वतः फुसाएपुढे ठेवलं.

एकोणपन्नासाव्या दिवशी पहाटे मी पुन्हा तीन फोटो काढले, या वेळी काच लावून. झाड रिकामं होतं. खोपटाला कुलूप होतं, म्हणून फोटोत काळा चौकोन आला. मेव्हण्यांना मी हाच फोटो दिला. पांढऱ्या रेघेचा पहिला अजून कॉम्प्युटरमध्ये आहे. तो मी कुणाला दाखवलेला नाही.

त्या सकाळी किनू-सानची घंटी आली तेव्हा मी पडद्यासमोरच होतो. उजळ फोटो मोठा करून, कुठे काळं काही दिसतंय का, कोपरा न् कोपरा बघत होतो. वळचण, झाडाचं खोड, लाकडांची थप्पी.

"एइसाकू! दार उघड, गारठले मी!"

"थांबा जरा," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही, ती काच वाजवत राहिली. थप्पीच्या मागचा कोपरा बघायचा राहिला होता. तो बघितला, मग उठलो.