ताणावरची मोसंबी

प्रमोदिनीबाईंनी भाजी धुतलेल्या पाण्याची बादली मोसंबीला वळसा घालून पुढे नेली आणि मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली. मोसंबीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले अनंतराव मात्र बायकोला ऐकू जाईल इतपत खाकरले.

"छत्तीस दिवस झाले. पानं गळायला लागलीत."

"गळू द्या. गळायलाच हवीत."

हर्सूलच्या त्या बैठ्या घराच्या अंगणात ही मोसंबी अकरा वर्षं उभी होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असलं, तरी अनंतराव रोज सकाळी तिला बादलीभर पाणी घालत. एवढं करून तिने आजवर एक फळ दिलं नव्हतं. भांडी घासायला येणाऱ्या द्वारकाबाईंचं माहेर पैठणकडचं, मोसंबीच्या बागांतलं. निदान त्यांनीच केलं.

"लई लाडावलंय झाड. ताण द्या त्याला, काकू. पन्नास दिवस पाण्याचा थेंब नाय दाखवायचा, मग जूनमधी पाणी सोडायचं. जीवावर बेतलं की झाड फुलतंय. फळं पुढच्या उन्हाळ्याला."

पुढच्या उन्हाळ्याला, हे शब्द प्रमोदिनीबाईंनी गाठीशी बांधले. अनंतरावांचं हृदय थकलं होतं. अंगावर सूज चढते म्हणून डॉक्टरांनी दिवसाला पाण्याचे पाचच पेले ठरवून दिले होते, आणि बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. घसा फारच सुकला तर मोसंबीची फोड चोखा, एवढी सवलत. मोसंबी बाजारात मिळत नव्हती असं नाही. पण या माणसाने अकरा वर्षं ज्या झाडाला पाणी पाजलं, त्याने याच्या कोरड्या घशासाठी एक फोड तरी द्यावी, असं बाईंच्या मनाने घेतलं होतं. आणि एकदा मनाने घेतलं की त्या ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. नवऱ्याला मात्र हे सांगितलं नव्हतं.

"तहानलेल्याला पाणी नाकारायचं, हे कुठलं शास्त्र?" अनंतराव विचारत.

"पैठणचं," बाई म्हणत, आणि बादली न्हाणीघरात ठेवून दाराला कुलूप घालत.

पाचही पेले त्या स्वतः मोजून आणून देत. "ठेव तिथे, पितो सावकाश," अनंतराव म्हणत. पंधरवड्यात त्यांचं वजन दोन किलोने उतरलं. सूज ओसरतेय, आपली शिस्त लागू पडतेय, म्हणून बाई मनातल्या मनात खूशच होत्या. अनंतरावांचे ओठ फुटले होते, पण उन्हाळ्यात कुणाचे फुटत नाहीत?

एक्केचाळिसाव्या दिवशी द्वारकाबाई अंगण झाडता झाडता थांबल्या.

"काकू, जरा हिकडं या."

त्यांनी खोडाजवळची वाळकी पानं बाजूला केली. खालची माती ओली होती. बाईंनी बोट घातलं, पेरभर आत गेलं.

"ताण मोडला," द्वारकाबाई म्हणाल्या. "ही बघा, पालवी फुटाया लागली. रोज घोट-घोट मिळालं तर झाड कशाला भितंय? औंदा फूल नाय धरायचं आता."

बादली कुलपात होती. मग बाईंचं लक्ष खुर्चीकडे गेलं. ओट्यावरची खुर्ची रोज थोडी थोडी सरकत आता झाडाच्या पार जवळ आली होती. तिच्यात अनंतराव मान खाली घालून बसले होते.

"किती?" बाईंनी विचारलं.

"दोन पेले. कधी तीन."

"पाचातले?"

अनंतरावांनी मान डोलावली. द्वारकाबाई झाडू घेऊन मागच्या दारी गेल्या.

"मला कळतं ना त्याला काय होत असेल ते," ते म्हणाले. "समोरून बादली जाते आणि आपल्याला नाही. त्या बिचाऱ्याला मागताही येत नाही."

"तुम्हाला तर येतं ना मागता?"

"पेले मोजून देताना तुझाच जीव तुटतो. आणखी काय मागू?"

बाईंना रडू आलं आणि संतापही आला, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना. त्या आत गेल्या, कुलूप काढलं आणि भरलेली बादली आणून सगळीच्या सगळी मोसंबीच्या मुळाशी ओतली. मग पेला भरून आणला.

"हा माझ्यासमोर प्यायचा."

अनंतराव प्यायले. अगदी शेवटच्या थेंबापर्यंत बाई बघत राहिल्या.

"एवढं कुणासाठी हवं होतं ते फळ?" अनंतरावांनी विचारलं.

बाईंनी डोळे पुसले. "पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा ताण देणार आहे. पूर्ण पन्नास दिवस. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"म्हणजे फळ त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात."

"हो. दोन उन्हाळे. तेवढं थांबायचं तुम्ही."

अनंतरावांनी झाडाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"थांबतो," ते म्हणाले.